एका शिक्षकाची करुणा आणि शाळेचे उत्तरदायित्व : ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाची चिकित्सा

प्रास्ताविक

विशेष गरजा असणाऱ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न भारतीय मध्यमवर्गाच्या घराघरांत पोहोचवण्याचे श्रेय कोणत्याही एका कलाकृतीला द्यायचे झाले तर ते ‘तारे जमीन पर’ या हिंदी चित्रपटाला द्यावे लागेल. २१ डिसेंबर २००७ रोजी प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाचे लेखन अमोल गुप्ते यांचे असून दिग्दर्शन आमीर खान यांचे आहे. वाचन-लेखनात सतत मागे पडणारा ईशान अवस्थी हा आठ-नऊ वर्षांचा मुलगा, त्याला ‘आळशी’ व ‘उद्दाम’ ठरवणारे पालक आणि शिक्षक, आणि अखेरीस त्याची अडचण ओळखणारा चित्रकलेचा हंगामी शिक्षक राम शंकर निकुंभ, असा त्याचा कथाविषय आहे. ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द या चित्रपटामुळे शिक्षक-पालक सभांमध्ये ऐकू येऊ लागला, हे त्याचे यश निर्विवाद आहे.

चित्रपटाच्या या सामाजिक परिणामाबद्दल पुष्कळ लिहिले गेले. तथापि, त्याने शाळा या संस्थेविषयी कोणती धारणा रुजवली याची चिकित्सा तुलनेने कमी झाली. मुलाचे जे नुकसान झाले त्याला जबाबदार कोण आणि ते भरून काढण्याचे कर्तव्य कोणाचे, या दोन प्रश्नांना चित्रपट जी उत्तरे देतो ती परस्परांशी जुळत नाहीत. नुकसान दोन शाळांनी मिळून केलेले आहे. त्याचे निवारण मात्र एका व्यक्तीच्या करुणेने होते. शाळा मुळातून बदलत नाही, ती केवळ परवानगी देते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार दोन अंगांनी केला आहे. पहिले अंग अध्ययन-साहाय्याचे आणि दुसरे वर्गातील सुरक्षिततेचे. ही दोन स्वतंत्र कर्तव्ये नसून एकाच कर्तव्याच्या दोन बाजू आहेत, हे चित्रपटातील प्रसंगच सिद्ध करतात. परंतु चित्रपट स्वतः त्या निष्कर्षापर्यंत जात नाही, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

१. चित्रपटाचा काळ आणि तत्कालीन कायदा

कलाकृतीचे मूल्यमापन करताना तिचा काळ ध्यानात घेणे आवश्यक ठरते. २००७ मध्ये देशात अपंगत्वाविषयीचा मुख्य कायदा १९९५ चा होता. त्यात अपंगत्वाचे सात प्रकार नमूद होते आणि अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश नव्हता. म्हणजे ईशानसारखा मुलगा त्या कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नव्हता. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सर्व शिक्षा अभियान मात्र २०००-०१ पासून सुरू होते आणि विशेष गरजा असणाऱ्या बालकांना सर्वसाधारण शाळेत सामावून घेण्याचे धोरण त्यात होते. त्याही पूर्वी, कोठारी आयोगाने (१९६४-६६) अशा मुलांना शक्यतो सर्वसाधारण शाळेत शिकवण्याची शिफारस केली होती आणि १९७४ मध्ये केंद्र शासनाने एकात्मिक शिक्षणाची योजनाही आणली होती.

महाराष्ट्राची स्थिती काहीशी वेगळी होती. अध्ययन अक्षमता असणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय राज्य शासनाने १९९६ मध्येच घेतला होता. जादा वेळ, लेखनिक, शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष, एखाद्या भाषेतून सूट अशा या सवलती होत्या. मुंबईत सायन येथील लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या सार्वजनिक रुग्णालयांत त्यासाठी तपासणी व प्रमाणपत्राची सोय उभी राहिली. चित्रपटातील ईशान मुंबईत राहतो आणि मुंबईतील शाळेत जातो. या निर्णयानंतर अकरा वर्षांनी पडद्यावर आलेल्या मुंबईच्या शाळेत एकाही शिक्षकाला ‘या मुलाला अक्षरे ओळखण्यातच अडचण आहे काय’ अशी शंका येत नाही. चित्रपटाने हे अज्ञान अतिशय विश्वसनीयपणे दाखवले आहे. मात्र ते अज्ञान कुठून आले, हे तो विचारत नाही. सवलत परीक्षेच्या दालनापर्यंत पोहोचली होती, वर्गापर्यंत नव्हती. प्रमाणपत्र हाती असलेल्या दहावीच्या विद्यार्थ्याला व्यवस्था ओळखत होती. तिसरीच्या वर्गात अक्षरांशी झगडणाऱ्या मुलाला ओळखण्याची जबाबदारी कोणावर हे ठरलेले नव्हते.

२. पहिली शाळा : आदेशाविना हकालपट्टी

चित्रपटाच्या पूर्वार्धात ईशानच्या शाळेतील प्रसंग येतात. वाचायला सांगितल्यावर त्याला अक्षरे नाचताना दिसतात. वर्ग हसतो आणि शिक्षिका त्याला वर्गाबाहेर उभे करते. शिक्षा म्हणून वर्गाबाहेर काढणे ही आपल्याकडील इतकी परिचित पद्धत आहे की प्रेक्षकाला तीत वावगे काही जाणवत नाही. वास्तविक पाहता साहाय्य नाकारण्याची आणि सुरक्षितता काढून घेण्याची क्रिया येथे एकाच वेळी घडते. ज्याला वर्गात सर्वाधिक मदतीची गरज आहे तोच वर्गाबाहेर जातो आणि त्याच्यावर कोणाचेही लक्ष राहत नाही.

पुढचा प्रसंग याहून गंभीर आहे. शिक्षेच्या धास्तीने ईशान शाळेतून निघून जातो आणि मुंबईच्या रस्त्यांवर एकटाच भटकतो. दिग्दर्शकाने हा भाग मुलाच्या मुक्ततेचा उत्सव म्हणून चित्रित केला आहे. रंग, माणसे, वाहने, समुद्र यांकडे कुतूहलाने पाहणारा मुलगा प्रेक्षकाला मोहवतो. परंतु शालेय व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर हा अत्यंत धोकादायक प्रसंग आहे. तिसरीतील मूल शाळेच्या आवारातून बाहेर पडते आणि ही गोष्ट शाळेच्या ध्यानातही येत नाही. थोरल्या भावाने लिहून दिलेल्या खोट्या चिठ्ठीवर प्रकरण मिटते. चिठ्ठीचे बिंग फुटते तेही शाळेच्या दक्षतेमुळे नव्हे, तर घरी. ही खरी चूक शाळेची असताना पटकथेत तो मुलाचा अपराध ठरतो आणि त्याच्या हकालपट्टीला निमित्त मिळते.

‘हकालपट्टी’ हा शब्द येथे जाणीवपूर्वक योजला आहे, कारण तसा आदेश शाळा कधीच काढत नाही. मुख्याध्यापिका पालकांना बोलावते, मुलगा तिसरीत दुसऱ्यांदा बसल्याची आठवण देते, प्रगतीची लक्षणे नसल्याचे सांगते आणि विशेष शाळेचा पर्याय सुचवते. वडिलांचा अहंकार दुखावतो. मुलाला ते स्वतःच शाळेतून काढतात आणि निवासी शाळेत धाडतात. कागदोपत्री निर्णय पालकांचा आहे. प्रत्यक्षात तो शाळेने घडवून आणला आहे. चित्रपटातील सर्वांत सूक्ष्म निरीक्षण हेच म्हणावे लागेल. पटकथा मात्र हा दोष वडिलांच्या स्वभावावर टाकून पुढे सरकते.

शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. २०१९ च्या सुधारणेने पाचवी व आठवीत विद्यार्थ्याला मागे ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली, पण काढून टाकण्याची मनाई तशीच राहिली. तथापि, कायदा आदेशाला रोखू शकतो, सूचनेला नाही. ‘आपल्या पाल्याच्या हिताचा विचार करता’ या शब्दांनी सुरू होणारे संभाषण कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही. त्यामुळे मुलाला घेऊन जाण्याची सूचना करण्यापूर्वी शाळेने कोणते साहाय्य दिले, किती काळ दिले आणि त्याचे फलित काय, याची लेखी नोंद अनिवार्य असल्याशिवाय ही मनाई कागदावरच राहते.

३. निवासी शाळा : शिस्त आणि उंचावरील कठडा

निवासी शाळेचे चित्रण पाचगणीच्या परिसरात झाले आहे. येथील वातावरण कडक शिस्तीचे असून चित्रकलेचा शिक्षकही हातावर पट्टी मारतो. भाषेच्या तासाला ईशान कवितेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगतो. शिक्षकाला अपेक्षित ठरावीक उत्तर नसल्याने तो चुकीचा ठरतो. कवितेचा खरा अर्थ त्यालाच कळला होता हे त्याला सांगतो तो राजन दामोदरन हा वर्गमित्र. या एका प्रसंगात आकलन आणि पाठांतर यांतील भेद चित्रपटाने नेमका पकडला आहे.

राजनची व्यक्तिरेखा समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तो शारीरिकदृष्ट्या अपंग आहे आणि वर्गातील हुशार विद्यार्थी आहे. म्हणजेच या शाळेत अपंगत्व अपरिचित नाही. डोळ्यांना दिसणारे अपंगत्व शाळेने स्वीकारले आहे; न दिसणाऱ्या अपंगत्वाला ती शिक्षा करते. दोन मुले एकाच बाकावर बसवून चित्रपटाने हा विरोध उभा केला खरा, पण त्यावर भाष्य केले नाही. दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल शाळेला दया वाटते. न दिसणाऱ्या अपंगत्वाबद्दल तिला राग येतो, कारण तिला तो अवज्ञेचा प्रकार वाटतो.

येथेच चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारा प्रसंग येतो. घरापासून तुटलेला, बोलणे बंद केलेला, चित्रे काढणेही सोडून दिलेला ईशान एका उंच जागी कठड्यावर जातो. राजनच्या ते लक्षात येते म्हणून अनर्थ टळतो. आठ-नऊ वर्षांचे मूल जीवनाच्या कडेला उभे आहे आणि ते पाहणारा एकमेव माणूस म्हणजे चालण्यासाठी आधार लागणारा त्याच्याच वयाचा मुलगा. शिक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक, मुख्याध्यापक यांपैकी कोणीही तेथे नाही. त्याहून लक्षणीय बाब अशी की या प्रसंगाचा पटकथेत पुढे कोठेही हिशेब होत नाही. चौकशी नाही, पालकांना कळवणे नाही, शाळेची भीती नाही. प्रसंग मुलाच्या दुःखाची खोली दाखवण्यापुरता येतो आणि विरून जातो.

वस्तुतः चित्रपटाचा केंद्रबिंदू हाच असावयास हवा होता. वाचता न येणे आणि कठड्यावर जाऊन उभे राहणे या दोन टोकांना जोडणारी साखळी चित्रपटानेच तपशीलवार दाखवली आहे. अडचण ओळखली गेली नाही म्हणून अपमान, अपमानातून एकाकीपणा, एकाकीपणातून जीवघेणा धोका. साहाय्याचा अभाव हाच सुरक्षिततेचा भंग आहे हे याहून स्पष्टपणे मांडता येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली, तेव्हा कायद्याने याच साखळीची दखल घेतली असे म्हणता येईल.

४. निकुंभ : हक्काची भाषा, विनंतीचा सूर

मध्यंतराच्या सुमारास निकुंभचा प्रवेश होतो आणि चित्रपटाचा सूर पालटतो. निकुंभ विशेष मुलांच्या एका शाळेत शिकवतो आणि या निवासी शाळेत हंगामी शिक्षक म्हणून आला आहे. तो ईशानच्या वह्या तपासतो, चुकांमधील सातत्य शोधतो, मुंबईला जाऊन पालकांना भेटतो आणि वडिलांना अनोळखी लिपीतील मजकूर वाचायला देऊन मुलाची अडचण त्यांना अनुभवायला लावतो. वाळूवर गिरवणे, मातीची अक्षरे, पायऱ्यांवर बेरीज-वजाबाकी या त्याच्या पद्धती बहुसंवेदी अध्यापनाच्या तत्त्वाशी सुसंगत आहेत. अध्यापक विद्यालयांत व शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत दाखवण्याजोगा हा भाग आहे यात शंका नाही.

प्रश्न निर्माण होतो तो निकुंभ आणि मुख्याध्यापक यांच्या संवादात. सर्वसाधारण शाळेत शिकणे हा मुलाचा हक्क आहे अशी भूमिका निकुंभ मांडतो. परंतु हा हक्क तो मागतो विनंतीच्या सुरात. तोंडी परीक्षेची मुभा द्यावी, थोडा अवधी द्यावा, बाकीचे आपण पाहू. शाळेला यासाठी काहीही करावे लागत नाही. तिला पद निर्माण करावे लागत नाही, इतर शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे लागत नाही, वेळापत्रक बदलावे लागत नाही. निकुंभ आपला वेळ विनामोबदला देतो आणि मुख्याध्यापक त्याला संमती देतात. हक्काचे रूपांतर उपकारात होते ते या ठिकाणी.

निकुंभ हंगामी आहे ही गोष्ट पटकथेत सहज येऊन जाते, पण तिचा अर्थ दूरगामी आहे. पुढील वर्षी तो नसेल तर ईशानचे काय? त्याच शाळेत, दुसऱ्या तुकडीत, असाच एखादा मुलगा असेल तर त्याला कोण ओळखणार? वर्षभर या मुलाला शिकवणाऱ्या इतर शिक्षकांनी निकुंभकडून काय शिकले? चित्रपटाच्या शेवटी ते शिक्षक ईशानचे कौतुक करताना दिसतात. आपल्या अध्यापनात त्यांनी काय बदल केला हे दिसत नाही. निकुंभ स्वतः बालपणी अशाच अडचणीतून गेला होता असे कथेत सांगितले आहे. म्हणजे ज्याने दुःख भोगले तोच दुसऱ्याचे दुःख ओळखतो, ही भावनिकदृष्ट्या प्रभावी योजना आहे. मात्र तिचा गर्भितार्थ असा होतो की ज्याने ते भोगले नाही त्याच्याकडून ओळखण्याची अपेक्षा करू नये. व्यावसायिक प्रशिक्षणाची संकल्पनाच यामुळे बाद होते. डॉक्टरला रोग ओळखण्यासाठी तो रोग झालेला असावा लागत नाही. शिक्षकाबाबतही तसेच मानले गेले पाहिजे.

५. गुणवत्तेची अट

चित्रपटाचा शेवट चित्रकला स्पर्धेने होतो. ईशानला पहिले पारितोषिक मिळते आणि त्याचे चित्र शाळेच्या वार्षिकांकाच्या मुखपृष्ठावर झळकते. या प्रसंगातील आनंद खोटा नाही. परंतु मुलाचा स्वीकार कशामुळे झाला याचे उत्तर त्यामुळे बदलते. ईशानला चित्र काढता आले नसते तर? राजन वर्गात हुशार नसता तर? दोघांच्याही बाबतीत उणीव भरून काढणारा एखादा असाधारण गुण आहे. निकुंभ वर्गाला ज्या थोर व्यक्तींची उदाहरणे देतो तीही असामान्य प्रतिभेचीच आहेत.

सर्वसाधारण शाळेतील बहुसंख्य विशेष विद्यार्थी असामान्य प्रतिभेचे नसतात. इतर बहुसंख्य विद्यार्थीही नसतात. मतिमंदत्व, स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात किंवा बहुविकलांगता असणाऱ्या मुलाला शाळेत बसण्याचा अधिकार एखाद्या सुप्त गुणाच्या शोधावर अवलंबून ठेवता येत नाही. गुणवत्ता सिद्ध करून मिळणारा प्रवेश हा समावेश नव्हे, ती स्पर्धाच होय, फक्त विषय बदललेला. अशा मुलांच्या पालकांनी हा चित्रपट पाहून ‘आमच्या मुलात काय विशेष आहे’ असा शोध सुरू केला असेल तर तो चित्रपटाचा अनपेक्षित, पण तर्कसंगत परिणाम मानावा लागेल.

२० जून २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘सितारे जमीन पर’ या आर. एस. प्रसन्ना दिग्दर्शित चित्रपटाचा येथे उल्लेख करणे उचित ठरेल. ‘चॅम्पिअन्स’ (२०१८) या स्पॅनिश चित्रपटावर आधारित असलेल्या या कृतीत बौद्धिक अक्षमता असणाऱ्या खेळाडूंचा बास्केटबॉलचा संघ आहे आणि त्या भूमिका तशाच व्यक्तींनी केल्या आहेत. पारितोषिकाच्या अटीतून हा चित्रपट बऱ्याच अंशी बाहेर पडतो, ही त्याची जमेची बाजू. परंतु त्यात शाळाच नाही. खेळाडू प्रौढ आहेत आणि त्यांना घडवणारी जागा वर्गाबाहेरची आहे. अठरा वर्षांनी विषय पुन्हा पडद्यावर आला तेव्हा शाळेचे उत्तरदायित्व हा प्रश्न कथेतूनच निघून गेला होता.

६. सुरक्षिततेचा अवघड प्रश्न

ईशान कोणाला इजा करत नाही. वर्गाच्या दृष्टीने तो निरुपद्रवी आहे आणि त्यामुळे प्रेक्षकाची सहानुभूती त्याला विनासायास मिळते. प्रत्यक्ष शाळांमध्ये अधिक कठीण परिस्थिती उद्भवते. एखादे मूल गोंगाट असह्य होऊन वस्तू फेकते, शेजारच्याला चावते, अचानक धावत सुटते. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात एकट्या शिक्षिकेने काय करावे? इतर मुलांचे पालक तक्रार करतात आणि त्यांची चिंता अवास्तव नसते. अशा वेळी शाळा ‘इतर मुलांची सुरक्षितता’ हे कारण पुढे करून त्या मुलाला घरी ठेवण्याचा सल्ला देते. साहाय्य आणि सुरक्षितता ही दोन कर्तव्ये परस्परविरोधी आहेत असा समज येथून निर्माण होतो.

हा विरोध आभासी आहे. अशा मुलाचे वर्तन बहुधा निष्कारण नसते. ते संप्रेषणाचा मार्ग असते. आवाज, प्रकाश, दिनक्रमातील बदल किंवा न समजलेली सूचना यांपैकी कशाने तो अस्वस्थ होतो हे ओळखणारी प्रशिक्षित व्यक्ती शाळेत असेल तर उद्रेकाचे प्रसंग कमी होतात आणि घडलेच तर हाताळता येतात. ती व्यक्ती नसेल तर एकीकडे वर्ग असुरक्षित होतो आणि दुसरीकडे मूल. इतर मुलांच्या सुरक्षिततेसाठी जे साधन लागते तेच त्या मुलाच्या शिक्षणासाठी लागते. ते साधन म्हणजे विशेष शिक्षक.

विशेष मूल स्वतःच अत्याचाराला अधिक सहज बळी पडू शकते, ही बाजूही विसरता येत नाही. जे मूल बोलू शकत नाही किंवा घडलेले क्रमाने सांगू शकत नाही, त्याच्यावरील अन्याय उघडकीस येणे दुष्कर असते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ याने याची जाणीव ठेवली आहे. शारीरिक वा मानसिक अक्षमता असणाऱ्या बालकाचा जबाब नोंदवताना विशेष शिक्षकाचे साहाय्य घेण्याची तरतूद त्यात आहे. म्हणजे मुलाची भाषा समजणारी व्यक्ती न्यायाच्या प्रक्रियेत आवश्यक आहे हे कायद्याला मान्य आहे. अपराध घडून गेल्यावर न्यायालयात जिची गरज भासते ती व्यक्ती अपराध घडण्यापूर्वी शाळेत का असू नये, हा प्रश्न साध्या तर्काचा आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील दोन बालिकांवरील अत्याचाराची घटना उघडकीस आली. त्यानंतर राज्य शासनाने २१ ऑगस्ट २०२४ रोजी शाळांमध्ये सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती यांविषयी निर्देश दिले. शालेय सुरक्षेबाबत व्यवस्थापनाचे उत्तरदायित्व निश्चित करणारी मार्गदर्शक तत्त्वे केंद्र शासनाने २०२१ मध्ये काढली होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या अंमलबजावणीचे निर्देश दिले. ही पावले आवश्यक होती. मात्र तक्रारपेटीत चिठ्ठी टाकण्यासाठी लिहिता यावे लागते. ईशानला ते येत नव्हते. सीसीटीव्हीला कठड्यावरचे मूल दिसेल. ते तेथपर्यंत का आले हे दिसणार नाही. सुरक्षिततेची कल्पना पाळतीपुरती मर्यादित झाली की विशेष विद्यार्थी तिच्या कक्षेबाहेर राहतात.

७. कायदा बदलला, निकुंभ हंगामीच राहिला

चित्रपटानंतरच्या काळात कायद्याने मोठा पल्ला गाठला. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले आणि विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा त्यांत समावेश झाला. कलम १६ मध्ये भेदभावाविना प्रवेश, सुगम इमारत, गरजेनुसार वाजवी सोयी, व्यक्तिगत साहाय्य आणि अध्ययन अक्षमतेचे लवकरात लवकर निदान यांचा निर्देश आहे. निकुंभने जे जे केले ते सर्व आता कायद्यात लिहिलेले आहे.

तथापि, या कलमाची वाक्यरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. वाक्याचा कर्ता शाळा नाही. अनुदानित अथवा मान्यताप्राप्त संस्थांनी समावेशक शिक्षण द्यावे यासाठी शासनाने व स्थानिक प्राधिकरणांनी ‘प्रयत्न करावा’ असा तिचा आशय आहे. कर्तव्याची यादी दीर्घ आहे, पण ते पार पाडण्याचा भार प्रयत्नशील राहण्याच्या क्रियापदावर टाकलेला आहे. चित्रपटातील मुख्याध्यापकाची संमती आणि कायद्यातील शासनाचा प्रयत्न यांत अंतर आहे, परंतु ते वाटते तितके मोठे नाही.

ही उणीव न्यायालयाला भरून काढावी लागली. रजनीश कुमार पांडे विरुद्ध भारत संघ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरा विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले. ७ मार्च २०२५ रोजी त्याच प्रकरणात न्यायालयाने राज्यांना पदे मंजूर करून अधिसूचित करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये विशेष शिक्षकांची ४,८६० पदे केंद्र स्तरावर निर्माण करण्यास मान्यता दिली. वर्षानुवर्षे कंत्राटी तत्त्वावर काम करणाऱ्या विशेष शिक्षकांच्या दृष्टीने हा महत्त्वाचा निर्णय होता. परंतु एका केंद्राखाली साधारणतः दहा वा अधिक शाळा येतात. आठवड्यातून एखाद्या दिवशी येणारा विशेष शिक्षक म्हणजे प्रत्येक शाळेच्या दृष्टीने पुन्हा निकुंभच, येणारा आणि निघून जाणारा. उद्रेक, अपमान आणि कठडा यांना मात्र भेटीचे वेळापत्रक नसते.

शिक्षक-शिक्षणाची बाजूही याच्याशी निगडित आहे. २०१४ च्या नियमावलीनंतर दोन वर्षांच्या बी.एड. अभ्यासक्रमात समावेशक शाळा हा विषय अंतर्भूत झाला. तो बहुतांशी व्याख्यानाचा आणि प्रश्नपत्रिकेचा विषय राहू नये, तर छात्राध्यापकाने किमान एका विशेष विद्यार्थ्यासाठी व्यक्तिगत अध्ययन-आराखडा तयार करून तो राबवावा, अशी व्यवस्था महाविद्यालयांना आपल्या पातळीवर करता येण्याजोगी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, ‘तारे जमीन पर’ने शाळेचे अपयश प्रामाणिकपणे दाखवले, परंतु त्याचा परिहार व्यक्तीच्या सद्भावनेत शोधला. दोन, वर्गाबाहेर काढणे, शाळेतून नकळत बाहेर पडणे आणि कठड्यावरील प्रसंग हे तिन्ही सुरक्षिततेचे भंग साहाय्याच्या अभावातून उद्भवले आहेत. चित्रपटाने ते दाखवूनही त्यांचा हिशेब शाळेकडे मागितलेला नाही. तीन, प्रतिभेच्या बळावर मिळणारा स्वीकार सर्व विशेष विद्यार्थ्यांना लागू पडत नाही. चार, कायद्याने २०१६ पर्यंत हक्काची भाषा आत्मसात केली, पण प्रत्येक शाळेत कायमस्वरूपी विशेष शिक्षक नसेपर्यंत त्या हक्काचे स्वरूप विनंतीचेच राहते.

चित्रपट म्हणजे धोरणपत्र नव्हे, तेव्हा त्याच्याकडून एवढ्या अपेक्षा का कराव्यात, असा आक्षेप येथे घेता येईल. आक्षेप रास्त आहे. परंतु ज्या कलाकृतीने एका पिढीला ‘चांगला शिक्षक’ कसा असतो हे शिकवले, तिने ‘चांगली शाळा’ कशी असते याविषयी बाळगलेले मौनही त्या पिढीने आत्मसात केले आहे. निकुंभसारखे शिक्षक दुर्मीळ असतात म्हणून त्यांच्यावर चित्रपट निघतो. सर्वसामान्य शिक्षकाला, सर्वसामान्य शाळेत, सर्वसामान्य दिवशी जे करता येईल तेच विद्यार्थ्याच्या हक्काचे खरे मोजमाप होय, आणि ते शक्य करून देण्याचे उत्तरदायित्व संस्थेचे आहे.